एका मिनिटाच्या बोलण्याचा जमाखर्च

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टपालाच्या तिकिटाची ओळख नाशिककरांना करून देण्याचे कारण नाही. १९२० च्या दशकात तिकिटे लंडनहून छापून आणण्याची प्रथा थांबली आणि ती नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. या शहरातील कित्येक कुटुंबांची चूल त्या तिकिटांवर पेटली. पण त्या इवल्याशा कागदामागे एक आंतरराष्ट्रीय करार उभा आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नाशिकरोडला छापलेले तिकीट लावून पत्र परदेशी धाडले, तर तिकडचा पोस्टमन ते पत्र घरपोच करतो. त्याचा पगार मात्र त्याचे सरकार देते. १८७४ साली बर्न येथे जागतिक टपाल संघ स्थापन झाला तेव्हा असे ठरले की, ज्या देशात तिकीट विकले गेले त्या देशाने पैसे ठेवावेत आणि पत्र पोहोचवणाऱ्याने त्यातला हिस्सा मागू नये. पत्राला उत्तर येतेच, तेव्हा देणेघेणे आपोआप फिटते, असा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढे श्रीमंत देशांतून येणाऱ्या टपालाचे ओझे वाढले तेव्हा, म्हणजे १९६९ च्या टोकियो अधिवेशनात, पोहोचवणावळ आकारण्याचे ठरले. तोवर जवळजवळ शतकभर हा व्यवहार केवळ परस्पर विश्वासावर चालला होता.

तार आणि टेलिफोन यांचा हिशेब आरंभापासून निराळा होता. दोन देशांच्या दूरसंचार खात्यांनी मिनिटामागे एक दर ठरवावा, तो निम्मानिम्मा वाटून घ्यावा आणि हिशेबाअखेरीस ज्या देशातून अधिक बोलणे झाले असेल त्याने दुसऱ्याला फरक चुकता करावा, अशी ती पद्धत होती. हा दर गिऱ्हाइकाकडून घेतल्या जाणाऱ्या दराहून वेगळा असे. तो दोन खात्यांच्या आपसातील जमाखर्चाचा दर होता. आजच्या विषयाचे मर्म या रुक्ष वाटणाऱ्या जमाखर्चात आहे. दूरसंचाराच्या नियंत्रणमुक्तीविषयी जे बोलले जाते ते बहुधा स्पर्धा, नवे तंत्र आणि स्वस्ताई यांविषयीच असते. हा जमाखर्च कोणी, कोणत्या सभागृहात आणि कोणत्या अधिकाराने बदलला, याची चर्चा क्वचितच होते. आणि समाजवादी कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न नेमका तोच आहे.

हा व्यवहार ज्या संस्थेच्या छत्राखाली चाले ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना १८६५ साली पॅरिस येथे स्थापन झाली. तारेसाठी जन्मलेली ही संस्था पुढे टेलिफोन आणि बिनतारी संदेश यांचीही झाली आणि १९४७ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात आली. भारत तिचा सभासद १८६९ पासून आहे. अर्थात त्या काळी भारताचे मत म्हणजे लंडनचे मत. १८७० साली मुंबईला समुद्राखालून तारेने विलायतेशी जोडले गेले तेही साम्राज्याच्या सोयीसाठीच. १९२७ साली दिघी येथून बिनतारी संदेश पाठवण्याची आणि दौंड येथे ते घेण्याची व्यवस्था झाली. तीही एका खासगी कंपनीच्या हाती होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, सरकारने परदेशी संचाराचा हा सारा धंदा आपल्या ताब्यात घेऊन त्याची राष्ट्रीय सेवा केली. पुढल्याच वर्षी मार्च महिन्यात याच नाशिक शहरात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्या अधिवेशनाच्या चर्चांत गिरण्या, जमिनी, खाणी आणि बँका होत्या. समुद्रतळाच्या तारेविषयी तेव्हा वेगळे काही मागावे लागत नव्हते, ती राष्ट्राची झालेलीच होती.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना या संघटनेत एका राष्ट्राला एक मत या न्यायाने स्थान मिळाले. त्याचे मोल उणे लेखण्याचे कारण नाही. नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने जाताना नारायणगावाजवळ आर्वी लागते. तेथे १९७१ साली परदेशी संचारासाठी उपग्रह केंद्र उभे राहिले आणि विक्रम साराभाईंचे नाव त्याला मिळाले. ते ज्या इंटेलसॅट उपग्रहांशी बोलत असे ते एखाद्या कंपनीचे नव्हते. १९६४ साली सरकारांनी करार करून उभारलेल्या सहकारी स्वरूपाच्या संस्थेचे होते. त्या संस्थेत अमेरिकेचे पारडे जड होते, हे खरे. तरीही कोणत्याही देशाला भेदभावाशिवाय, सरासरीच्या दराने जोडून देण्याचे बंधन तिच्यावर होते. नफा नसलेल्या वाटाही चालू ठेवाव्या लागत.

येथे एक कबुली द्यावयास हवी, कारण तिच्यावाचून पुढील सर्व टीका खोटी ठरेल. आपल्या देशातील सरकारी मक्तेदारी ही सामान्य माणसाची मैत्रीण नव्हती. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारी माणसे, ट्रंक कॉल लावून तार ऑफिसच्या बाकड्यावर रात्र काढणारे नातेवाईक, लाइनमनला चिरीमिरी दिल्यावाचून सुरू न होणारी यंत्रे, हे चित्र विरोधकांनी रचलेले नाही. नव्वदीच्या दशकात अमेरिकेशी एक मिनिट बोलण्यास पन्नास रुपयांहून अधिक पडत. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार युरोपातील व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करताना घड्याळाकडे पाहूनच बोले. आज त्याचा मुलगा व्यापाऱ्याला बागेतला घड मोबाइलवर दाखवतो. याला प्रगती न म्हणणारा समाजवादी लोकांपुढे उभा राहू शकणार नाही. मात्र ही स्वस्ताई होत असताना घराची कोणकोणती भिंत काढली गेली, हेही पाहावे लागेल.

१९८४ हे साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेतील बलाढ्य बेल टेलिफोन व्यवस्थेचे न्यायालयीन तडजोडीनुसार तुकडे झाले. वर्षअखेरीस ब्रिटिश टेलिकॉमचे भाग बाजारात विकले गेले. पुढल्या वर्षी जपानने तीच वाट धरली. आणि त्याच १९८४ च्या डिसेंबरमध्ये सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेसाठी आपला अहवाल पुरा केला. साऱ्या आफ्रिका खंडापेक्षा एकट्या टोकियो शहरात अधिक टेलिफोन आहेत, हे त्या अहवालाने जगापुढे मांडले. पुढच्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रत्येक माणसाला टेलिफोन सहज गाठता यावा, हे ध्येय त्याने सांगितले. त्याने सुचवलेला एक उपाय आज वाचताना मन थबकते: श्रीमंत आणि गरीब देशांदरम्यान जी बोलणी होतात त्यांच्या उत्पन्नाचा एक लहानसा अंश गरीब देशांतील जाळे वाढवण्यासाठी बाजूला काढण्याचा विचार व्हावा. म्हणजे जमाखर्चाची तीच वही, फक्त तिच्यातील एक रकाना दुबळ्यासाठी राखून ठेवलेला.

वही बदलली, पण उलट दिशेने. अमेरिकेतून बाहेर जाणारी बोलणी आत येणाऱ्या बोलण्यांच्या कितीतरी अधिक होती. तेथे गेलेला मुलगा गावी फोन करी, गावाकडून तिकडे फोन करण्याची कोणाची ऐपत नसे. त्यामुळे फरकाची रक्कम अमेरिकी कंपन्या गरीब देशांच्या दूरसंचार खात्यांना देत. १९९६ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला पाच अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती आणि घेणाऱ्यांत मेक्सिको, चीन यांच्याबरोबर भारतही होता. अमेरिकेच्या संचार आयोगाने १९९७ साली आदेश काढला की, अमेरिकी कंपन्यांनी परदेशांना ठरावीक मर्यादेहून अधिक दर देऊ नये. श्रीमंत देशांसाठी मिनिटाला १५ सेंट, मधल्यांसाठी १९, गरिबांसाठी २३. दोन राष्ट्रांच्या करारातील दर एका राष्ट्राच्या खात्याने एकतर्फी ठरवला. परदेशी कंपन्या आणि सरकारे अमेरिकेच्याच न्यायालयात गेली. न्यायालयाने १९९९ साली सांगितले की, आयोग परदेशी कंपन्यांना काही हुकूम देत नाही, तो फक्त अमेरिकी कंपन्यांनी किती पैसे द्यावेत ते ठरवतो. कायद्याच्या भाषेत हे बिनतोड आहे. बाजार समितीच्या आवारातील एकमेव मोठा खरेदीदार जेव्हा म्हणतो की, तुमच्या कांद्याचा भाव मी ठरवत नाही, मी फक्त माझ्या खिशातून किती काढायचे ते ठरवतो, तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जागतिक व्यापार संघटनेत मूलभूत दूरसंचार सेवांचा करार झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तो अमलात आला. ६९ सरकारांनी त्यात आपापली बाजारपेठ किती उघडणार ते लिहून दिले. आजवर दूरसंचार ही दोन देशांनी मिळून चालवावयाची सेवा मानली जात होती. आता ती एका देशाने दुसऱ्यात विकावयाचा माल ठरली. शब्दांतील हा फरक लहान दिसतो, पण त्याने न्यायासन बदलले. व्यापार संघटनेत नियम मोडला तर दंड म्हणून दुसऱ्याच मालावर निर्बंध येऊ शकतात. म्हणजे टेलिफोनच्या दरासाठी एखाद्या देशाच्या शेतमालाला ओलीस ठेवता येते.

याचा पहिला मोठा खटला अमेरिकेने मेक्सिकोवर केला. मेक्सिकोत येणाऱ्या बोलण्यांचा दर खर्चाला धरून नाही, असा निकाल २००४ साली निवाडा मंडळाने दिला. विकसनशील देशाला आपले जाळे वाढवायचे आहे, ही मेक्सिकोची सबब मंडळाने ग्राह्य धरली नाही. तथापि या कथेत मेक्सिकोच्या गरिबाची बाजू कोणीच लढवत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तेथील टेलिफोन कंपनी १९९० सालीच खासगी हाती गेली होती आणि तिचे धनी जगातील सर्वांत श्रीमंत माणसांत मोडत. गरिबीचे नाव पुढे करून मक्तेदाराचे उत्पन्न राखणे हाही एक व्यापारच आहे. विकसनशील देशांचे सार्वभौमत्व आणि त्या देशांतील धनिकांचे हितसंबंध यांची गल्लत करू नये, एवढा धडा त्यातून निश्चित घेण्यासारखा आहे.

भारताने १९९७ मध्ये सावधपणे पावले टाकली होती. परदेशी भांडवलाला २५ टक्क्यांची मर्यादा होती आणि परदेशी संचाराचे दार एवढ्यात उघडावयाचे नव्हते. त्याचा विचार २००४ साली व्हावयाचा होता. प्रत्यक्षात विदेश संचार निगमाची मक्तेदारी दोन वर्षे आधीच, १ एप्रिल २००२ पासून, संपवण्यात आली. त्याच्या दोनच महिने अगोदर निगमाचे २५ टक्के भाग १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहाला विकले गेले होते आणि कारभाराची सूत्रेही त्यांच्या हाती गेली होती. नव्या कारभाऱ्यांच्या संचालक मंडळाने काही महिन्यांत निगमाचे १,२०० कोटी रुपये समूहाच्याच दुसऱ्या टेलिफोन कंपनीत गुंतवण्याचे ठरवले, तेव्हा खुद्द दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन यांनी जाहीर हरकत घेतली. घर विकून झाल्यावर तिजोरीची किल्ली आठवावी, तसा हा प्रकार होता. त्या विक्रीतून ७७३ एकर जादा जमीन बाजूला काढावयाची असे ठरले होते. तिच्यात दिघीची जमीन आहे, जेथून १९२७ साली पहिला बिनतारी संदेश गेला. ती जमीन वेगळ्या कंपनीच्या नावे होण्यास कित्येक वर्षे लागली. सरकारने आपला उरलेला २६ टक्के हिस्सा २०२१ मध्ये विकून टाकला आणि हा अध्याय संपला. आर्वीच्या तबकड्या ज्यांच्याशी बोलत त्या इंटेलसॅटचेही तेच झाले. २००१ साली तिची कंपनी झाली, पुढे ती भांडवली फंडांच्या हातांत खेळली, २०२० साली अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात पोहोचली आणि २०२५ मध्ये दुसऱ्या उपग्रह कंपनीने तिला विकत घेतले.

मक्तेदारी गेली म्हणजे स्पर्धा आली, असे पाठ्यपुस्तकांत असते. समुद्राखालून येणारी केबल जेथे किनाऱ्याला लागते ते स्थानक ज्याच्या ताब्यात, तो खासगी जकातदार होतो, हा अनुभव मुंबईने घेतला. फ्लॅग नावाची केबल नव्वदीच्या दशकात मुंबईला आली होती आणि तिचे स्थानक विदेश संचार निगमाकडे होते. २००४ पर्यंत निगम टाटांचा झाला आणि फ्लॅग रिलायन्सची. केबलची क्षमता वाढवण्यासाठी स्थानकात प्रवेश द्यावयाचा की नाही, यावर दोन्ही भारतीय घराण्यांचे वाजले. मुंबईच्या किनाऱ्यावरील एका खोलीच्या दाराचा हा तंटा नेदरलँड्समधील हेग शहरी लवादापुढे चालला. सरकारी मक्तेदारी असती तर लोकसभेत प्रश्न विचारता आला असता. लवादाच्या बंद खोलीत कोणी आमदार-खासदार जाऊ शकत नाही. अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नियम केले की, अशी स्थानके ही सर्वांना आवश्यक सोय असून तेथे वाजवी दराने प्रवेश द्यावाच लागेल. म्हणजे नियंत्रणमुक्तीला पाच वर्षे होतात न होतात तोच नवे नियंत्रण लिहावे लागले. नियमांवाचून बाजार उभा राहतच नाही. वाद असतो तो एवढाच की, नियम कोणासाठी लिहावयाचे.

आता गरिबाच्या रकान्याकडे येऊ. मेटलंड आयोगाने जे सुचवले होते त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आपल्या देशात थोडा काळ घडली. २००३ साली नियामक प्राधिकरणाने तूट-भरपाईचा आकार सुरू केला. खेड्यातली तारेची जोडणी तोट्यात चालते, तो तोटा मुख्यत्वे भारत संचार निगम सोसतो, म्हणून इतर बोलण्यांवर आणि विशेषतः परदेशातून येणाऱ्या बोलण्यांवर मिनिटामागे काही रुपये घेऊन ते त्याला द्यावयाचे, अशी ती योजना होती. विचार योग्य होता. पण मिनिटामागे रुपये सुटतात म्हटल्यावर चोरवाटा निघाल्या. परदेशी बोलणे स्थानिक असल्याचे भासवून उतरवण्याचा धंदा फोफावला आणि त्यात केवळ गल्लीतले भुरटे नव्हते. एका बड्या खासगी कंपनीलाही या कारणासाठी दीडशे कोटी रुपयांचा दंड झाला. आकार वर्षागणिक कमी होत २००८ मध्ये बंद पडला. चोरी होते म्हणून जकात रद्द करावी, हा न्याय फक्त मोठ्या चोरांच्या बाबतीतच लावला जातो, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? ग्रामीण सेवेसाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम घेणारा निधी २००२ पासून होता. त्यात जमा होणाऱ्या आणि त्यातून खर्च होणाऱ्या पैशांत वर्षानुवर्षे मोठी तफावत राहिली. आता त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ आहे. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या भारत संचार निगमाचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले.

परदेशातून आलेले बोलणे भारतात पोहोचवून देण्याबद्दल भारतीय कंपनीला जो आकार मिळतो, तोही अभ्यासण्याजोगा आहे. २००९ मध्ये तो मिनिटाला ४० पैसे होता, २०१५ मध्ये ५३ पैसे झाला आणि फेब्रुवारी २०१८ पासून ३० पैसे. दर उतरल्याने चोरवाटा बंद होतील, असा प्राधिकरणाचा युक्तिवाद होता. येथे मोठी गंमत झाली. ज्या खासगी कंपन्या नियंत्रणमुक्तीच्या नावाने दिंडी घेऊन निघाल्या होत्या त्याच ओरडल्या की, दर कमी केल्याने देशाचे परकीय चलन बुडेल आणि लाभ परदेशी कंपन्यांचा होईल. त्यांच्या तोंडून आलेले असले तरी ते खरे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड-दापोलीचा जो कामगार आखातातून घरी फोन करतो, त्याला तेथे किती पैसे पडावेत हे ३० पैसे ठरवत नाहीत. तेथील एक-दोन कंपन्या ठरवतात. संयुक्त अरब अमिरातीत तर इंटरनेटवरून फुकट बोलण्याच्या लोकप्रिय साधनांवर वर्षानुवर्षे बंदी राहिली. भारताने दर उतरवला. तो उतार कामगाराच्या खिशापर्यंत पोहोचेल याची हमी देणारा एकही आंतरराष्ट्रीय नियम नाही. पुढे मे २०२० पासून प्राधिकरणाने ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान कंपन्यांनी आपसात ठरवावे असे म्हटले. दोन सरकारांनी मिळून दर ठरवण्याची जुनी पद्धत गेली, आणि तिच्याबरोबर कामगाराच्या वतीने त्या टेबलावर बसू शकणारे सरकारही उठून गेले.

मग काय, साऱ्या गोष्टी पुन्हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे आणि सरकारांच्या हाती द्याव्यात? हा प्रश्न २०१२ च्या डिसेंबरात दुबई येथे उभा राहिला. १९८८ साली मेलबर्न येथे झालेले नियम नव्याने लिहिण्यासाठी ती परिषद होती. मताचा अधिकार असलेल्या १४४ देशांपैकी ८९ देशांनी तेथे सह्या केल्या. अमेरिका आणि युरोपीय देशांनी केल्या नाहीत, आणि भारतानेही त्या वेळी केली नाही. नव्या नियमांच्या आडून सरकारे इंटरनेटवर ताबा मिळवतील, ही भीती होती. ती पोकळ म्हणता येत नाही. ज्यांनी १९७५ ते १९७७ चा काळ पाहिला आहे, वृत्तपत्रांचे तोडलेले वीजप्रवाह आणि ऐकले जाणारे टेलिफोन ज्यांना आठवतात, त्यांना संचाराच्या चाव्या बिनअटीने सरकारला द्या असे सांगवत नाही. आपल्याकडील नियंत्रणमुक्तीचे वैशिष्ट्यच असे की, बाजाराला मोकळीक मिळाली, नागरिकाला नाही. संभाषण ऐकण्याचा जो अधिकार १८८५ च्या तार कायद्याने गोऱ्या सरकारला दिला तो २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सुखरूप उतरला आहे. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम निघतात. ते प्रसिद्ध तरी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२० मध्ये सांगावे लागले. तेव्हा मागणी सरकारी मालकीची की खासगी मालकीची, एवढ्यावर थांबत नाही. मालक कोणीही असो, तो कोणाला जाब देतो आणि हिशेबाची वही कोणापुढे उघडतो, हे विचारले पाहिजे.

हे विचारण्याची वेळ आताच आहे, कारण पुढची वही आकाशात लिहिली जात आहे. उपग्रहांच्या कक्षा आणि लहरी ही साऱ्या मानवजातीची मर्यादित संपत्ती होय, हे आंतरराष्ट्रीय करारांनी मान्य केले आहे. पूर्वी श्रीमंत देश आधी जागा अडवतात म्हणून गरीब देशांनी आवाज उठवला आणि १९८५ ते १९८८ च्या परिषदांत स्थिर कक्षेतील काही लहरींपुरती प्रत्येक देशासाठी जागा राखून घेतली. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या हजारो लहान उपग्रहांसाठी तशी राखीव वाटणी नाही. जो आधी नोंदवील त्याचा हक्क आधी. स्टारलिंक या अमेरिकी कंपनीला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा दुर्गम किंवा मागास जिल्ह्यांतील शाळा, आरोग्य केंद्रे यांना जोडण्याचे त्यात योजले आहे. नंदुरबार नाशिक विभागातच येते. सुरगाणा-पेठच्या डोंगरात मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढणाऱ्या आशा कार्यकर्तीला ही सेवा नको आहे, असे म्हणण्याचा अधिकार नाशिक शहरात बसून कोणाला नाही.

परंतु लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले आहे, आणि तिची मनमानी खैरात केल्याबद्दल फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले आहेत. उपग्रहाच्या लहरी लिलावाशिवाय देता येतील, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. उपग्रह कंपन्या एकाच लहरी वाटून वापरू शकतात, जगातही त्यांचा लिलाव सहसा होत नाही, म्हणून ही तरतूद सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. किंमत पैशांत घ्यावयाची नसेल तर ती अटींत घ्यावी लागेल. सुरगाण्याच्या आरोग्य केंद्राला मिळणारा दर कोण ठरवणार? कंपनीने सेवा थांबवली तर दाद कोठे मागायची, तालुक्याला, मुंबईला की हेगला? परदेशात युद्ध पेटले आणि तेथील सरकारने कंपनीला हुकूम दिला, तर येथील जोडणीचे काय? लाल समुद्रात केबल तुटल्याने भारताचे इंटरनेट मंदावल्याचा अनुभव २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी आला; समुद्राखालची दोरी निदान नांगराने तुटते, आकाशातली एका आज्ञेने बंद होऊ शकते.

ही प्रश्नावली निष्फळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०१५ साली काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे जग विकत, अशी योजना फेसबुकने गरिबांच्या कल्याणाच्या नावाने आणली. नियामक प्राधिकरणाने मते मागवली तेव्हा त्याच वर्षी इंटरनेटच्या समतेच्या बाजूने दहा लाखांहून अधिक नागरिकांची पत्रे गेली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने अशा भेदभावाच्या दरांना बंदी केली. जगातील एका अतिश्रीमंत कंपनीने वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या होत्या. तरीही ती हरली. त्या पत्रांतील बहुसंख्य शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांची होती. पक्षाच्या शाखांतून किती गेली असतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

प्राधिकरणाच्या विचारविनिमयाच्या कागदांना ठरावीक मुदत असते, त्यांवर कोणीही नागरिक लेखी म्हणणे देऊ शकतो आणि नंतर खुल्या चर्चा होतात. हे कागद इंग्रजीत, किचकट भाषेत असतात. त्यांचा मराठी सारांश तालुक्याच्या कार्यकर्त्यापर्यंत नेणे आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर येथील ग्रामसभांचे ठराव त्या मुदतीत पाठवणे, हे काम नाशिकच्या शाखेला करता येईल. उपग्रह सेवेच्या अटींवर अशी एक सुनावणी नाशिक विभागात व्हावी, ही मागणी आधी गेली पाहिजे. इरादापत्राचे करारात रूपांतर होण्यापूर्वी त्याचा मजकूर मराठीत प्रसिद्ध करा, असे पत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाला देण्यास दोन आणे खर्चही येत नाही. नाशिकरोडचे एक तिकीट पुरेल.